तपासले, पण पुढे?

बोरगाव मेघे वर्धा शहराला इतके लागून आहे की शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे नवख्याला सांगता येणार नाही. एका अंगाला सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. दोन वैद्यकीय महाविद्यालये, त्यांचे स्त्रीरोग विभाग, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा आणि जिल्ह्यातील कर्करोगाची नोंद ठेवणारी रजिस्ट्री, असे सारे थोडक्या किलोमीटरांत. महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या नशिबी हे येते. म्हणूनच, गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत दोष सापडलेल्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न इथे विचारायला हवा. मेळघाटात अंतराची सबब तरी सांगता येते. इथे ती सोय नाही.

कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि जवळपास 80 हजार स्त्रिया त्याने दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या शंभरांतील जेमतेम दोघींची कधीतरी तपासणी झालेली आढळली. हा आकडा इतका लाजिरवाणा असल्यामुळे साऱ्या यंत्रणेचे लक्ष तो वाढवण्याकडे लागते. महिला दिनाला मंडप पडतो, आशाताई दारोदार फिरून बायांना आणतात, संध्याकाळी ‘इतक्या महिलांची तपासणी’ अशी बातमी जाते. त्यातल्या किती जणींचा अहवाल सदोष आला आणि त्यांपैकी कितींवर उपचार पुरे झाले, हे त्या बातमीत नसते. तपासणीने कोणी बरे होत नाही. कर्करोगाआधीच्या बदलांना कर्करोगापर्यंत पोचायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी सवड देणारा आजार विरळाच. ही सवड वापरली नाही, तर शिबिराने त्या बाईला काळजीखेरीज काही दिले नाही, असेच म्हणावे लागेल.

पुराव्यासाठी परदेशात जायचे कारण नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात 1999 सालापासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 स्त्रियांवर प्रयोग केला. गावांचे 52 गट पाडून कुठे या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठे पेशी तपासणारी पॅप स्मिअर, कुठे व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची ‘व्हाया’ पद्धत वापरली. काही गटांत तपासणीच केली नाही. आठ वर्षांनी तपासणी न झालेल्या गटात 64 मृत्यू मोजले गेले, तर त्याहून थोड्या मोठ्या एचपीव्ही गटात 34. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका निम्म्यावर आणला. पॅप स्मिअर आणि ‘व्हाया’च्या गटांत मात्र मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. म्हणजे चाचणी कोणती, हेही महत्त्वाचे आहेच. पण दोष सापडलेल्या बाईला कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहणे), बायोप्सी आणि उपचारापर्यंत नेण्याची सोय या प्रयोगात मुळातच बांधलेली होती, हे विसरून नुसत्या चाचणीचा उदोउदो करण्यात अर्थ नाही. ज्यांची तपासणी झाली नाही, त्या स्त्रियांच्या वतीने या प्रयोगावर नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. इतकी किंमत देऊन मिळालेले ज्ञान त्याच राज्याच्या आरोग्यसेवेने कागदावर ठेवावे, हे अधिक बोचते.

यावर डॉक्टरांतूनच एक आक्षेप येतो: बहुतेक एचपीव्ही संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात, सौम्य बदलही बहुधा मावळतात, मग प्रत्येकीच्या मागे लागायचे कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. उस्मानाबादेत शंभरांत सुमारे दहा जणी एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. उपचार हवाच असे तीव्र बदल जेमतेम एकीत सापडले. म्हणून सदोष अहवाल म्हणजे कर्करोग नव्हे, हे त्या बाईला पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. पण दहांतली ती एक कोण, हे पुढची तपासणी केल्याशिवाय कळणार कसे? आणि तिला तशीच सोडली तर काय होते, याचे उत्तर न्यूझीलंडने फार दुःखद रीतीने दिलेले आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स रुग्णालयात 1966 पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी तीव्र बदल असलेल्या अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता त्यांना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. 1987 मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली. पुढे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, अपुऱ्या उपचारांच्या गटात तीस वर्षांत सुमारे 31 टक्के स्त्रियांना कर्करोग झाला, आणि नीट उपचार मिळालेल्यांत एक टक्क्याहून कमी. तिथे निदान निरीक्षण तरी होते. आपल्याकडे शिबिरानंतर पत्ता हरवलेली बाई त्याच प्रयोगात आहे, फक्त तिच्याकडे कोणी पाहत नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका महाराष्ट्राने स्वतः पाहिला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणानुसार 82 हजार 309 स्त्रियांपैकी 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ एवढे म्हटले की पुरे. गर्भाशयाच्या मुखावरील बदलांसाठी एरवी पिशवी काढावी लागत नाही. डाग पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर थर्मल अॅब्लेशनच्या हातात मावणाऱ्या उपकरणाने तो भाग काही मिनिटांत जाळता येतो. भूल देऊन झोपवावे लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. डाग आत शिरलेला असेल तर तारेच्या वेटोळ्याने तेवढा तुकडा काढण्याची ‘लीप’ पद्धत आहे. संशय असेल तिथे आधी बायोप्सी. सरकारी वाट स्पष्ट आणि फुकट नसेल, तर सदोष अहवाल हातात घेतलेली घाबरलेली बाई पिशवीच्या धंद्याला आयती सापडते. शिबिरे वाढवण्याआधी हा हिशेब करायला हवा.

‘बायाच परत येत नाहीत’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कापूस वेचणीत रोज बुडवून, रुग्णालयाच्या रांगेत एकदा चाचणीला, एकदा अहवालाला, एकदा कोल्पोस्कोपीला आणि पुन्हा उपचाराला कोण येईल? अहवाल इंग्रजीत. वर एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो हे अर्धवट कळले की घरात संशयाचे भूत. हा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात सुप्त राहू शकतो, आजच्या अहवालावरून कोणाच्या चारित्र्याचा काहीच निष्कर्ष निघत नाही, हे तिच्या नवऱ्यालाही सांगणारे कोणी लागते. परत न येणे हा बाईचा दोष मानण्यापूर्वी खेपा कमी करा. चाचणी आणि उपचार शक्य तितके एकाच भेटीत, निदान दोन भेटींत, व्हावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनाचीही दिशा आहे.

एचपीव्ही चाचणी महाग आहे, हा आक्षेप आजपुरता मान्य करू. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने जेमतेम दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवडे शिकवून दर दोन वर्षांनी ‘व्हाया’च्या चार फेऱ्या करवल्या, आणि बारा वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत अपुरी ठरलेलीच ही पद्धत. मुंबईत ती पुन्हा पुन्हा झाली, हा एक ठळक फरक. अर्थात पाळी गेलेल्या स्त्रियांत ‘व्हाया’ भरवशाची नाही. त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणी आणावीच लागेल. लस आली आहे, आता तपासणीची गरज काय, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ आजच्या शाळकरी मुलींचे भले करील. त्यांच्या आयांच्या शरीरात झालेले बदल ती पुसत नाही.

वर्धा जिल्हा परिषद, जिल्हा शल्यचिकित्सक आणि दोन्ही महाविद्यालये यांनी म्हणून बोरगाव मेघेपासून एक साधी नोंदवही सुरू करावी. आशाताई तिशीपुढच्या स्त्रियांचे फॉर्म भरतातच. त्या यादीत चाचणीची तारीख, अहवाल बाईला मराठीत समजावल्याची तारीख, पुढील तपासणीची, उपचाराची आणि उपचारानंतर वर्षाने झालेल्या फेरतपासणीची तारीख असे रकाने वाढवावेत. गोपनीयतेसाठी नावे आरोग्य केंद्रातच राहावीत, आकडे मात्र दर तिमाहीला जाहीर व्हावेत. ज्या शिबिरामागे कोल्पोस्कोपीची ठरलेली वेळ आणि थर्मल अॅब्लेशनचे चालू उपकरण नाही, त्याला जिल्ह्यात परवानगी देऊ नये. तपासणीत गर्भाशयमुखाचा आजार आढळलेल्यांपैकी 90 टक्के स्त्रियांना 2030 पर्यंत उपचार मिळावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. वर्ध्याचा आजचा आकडा किती, हे पहिल्याच तिमाहीच्या अहवालात छापावे.