भिंतीवर कोण, पेटीत कोण?



मागच्या हिवाळ्यात तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक गटाच्या अध्यक्षाबाईंच्या घरी होती. समोरच्या भिंतीवर त्यांच्या मुलाचे चार शाळेतले फोटो ओळीनं लावलेले. बालवाडीतला, चौथीतला, दहावीत बक्षीस घेतानाचा आणि बारावीच्या वर्गाचा. चारही काचेच्या फ्रेममध्ये. त्याच घरात दोन मुलीही वाढल्या, त्याच शाळेत गेल्या. मी सहज विचारलं, "मावशी, पोरींचे फोटो कुठं आहेत?"

"हायेत ना ताई, पेटीत ठेवले. पोरीचे फोटो भितीवर लावून का करता? त्याईले तं एक दिस जानंच हाये."

माझ्या आग्रहावरून त्यांनी पेटी काढली. लुगड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत फोटो होते. पावसाळ्यात ओल धरून धाकटीचा सातवीतला फोटो दुसऱ्या फोटोला चिकटला होता. मावशींनी तो सोडवायला गेल्या, तर चेहऱ्याचा अर्धा भाग निघून आला. त्या बराच वेळ तो हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "आता दुसरा कुठून आनू?" लेकीवर माया नाही असं या बाईबद्दल कोण म्हणेल? माया होतीच. फक्त भिंतीवर तिला जागा नव्हती.

तेव्हापासून मी घरोघरच्या भिंती पाहू लागले. वानच्या पाण्यावर बागायत करणाऱ्यांच्या पक्क्या घरात आणि खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मातीच्या घरात पैशाचा फरक मोठा, पण भिंतीची मांडणी पुष्कळदा तीच. देव, महापुरुष, हार घातलेले गेलेले वडीलधारे आणि मग मुलगा. मुलीचा फोटो काही घरांत असतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा तो शाळेतला नसतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी साडी नेसवून काढलेला, स्थळ दाखवायचा फोटो असतो. मुलाचा फोटो सांगतो की हा शिकतो आहे. मुलीचा सांगतो की ही लग्नाची झाली आहे.

हा निव्वळ फोटोचा प्रश्न आहे का? माझ्या मते नाही. घराची भिंत ही घराची जाहीर नोंद असते. येणारा-जाणारा ती वाचतो, आणि रोज ती वाचत मुलगीही मोठी होते. तिला कुणी तोंडानं सांगत नाही, पण आपलं शिकणं ही या घराच्या अभिमानाची गोष्ट नाही, हे तिला कळतं. पुढे पैशाची ओढाताण झाली, कपाशी गेली, बाप गेला, की कुणाची शाळा थांबवायची हा निर्णय घरात चर्चेशिवाय होतो. तो भिंतीवर आधीच झालेला असतो.

आकडेही हेच सांगतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक. या एकीचा दहावी-बारावीचा वर्गाचा फोटो काढलाच गेला नसेल, तर भिंतीवर येणार कुठून?

आणखी एक गोष्ट. माहेरी परक्याचं धन म्हणून पेटीत गेलेला फोटो सासरीही जात नाही. सासरच्या भिंतीवर सुनेचा पहिला फोटो लग्नाचा. जणू त्या दिवसाआधी ती नव्हतीच. माझ्या आईचा सातवीच्या वर्गातला फोटो मी समाजकार्याची पदवी घेताना पहिल्यांदा पाहिला, तोही मामाच्या घरी आवराआवर करताना. पाढे म्हणण्यात ती वर्गात पहिली होती, हे तेव्हा कळलं. तीस वर्षं आमच्या घरात ती फक्त आई होती. तिच्या शाळेची कुणी चौकशीच केली नव्हती, मीही नाही.

यावर काही जणी म्हणतील, "ताई, पोटाचे प्रश्न सोडून फोटोंचं काय घेऊन बसलात?" आक्षेप रास्त आहे. फोटो लावला म्हणून समानता येत नाही. २०१५ साली हरियाणातल्या बीबीपूरच्या सरपंचांनी लेकीसोबत फोटो काढण्याची मोहीम सुरू केली, ती देशभर गाजली. पण बापानं लेकीबरोबर एक दिवस फोटो काढणं वेगळं आणि तिच्या शिक्षणाला घरात कायमची जागा देणं वेगळं. पहिल्याला खर्च नाही. दुसऱ्याला आहे: वही, बस, वेळ, आणि लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांचा रोष. मी भिंतीचा आग्रह धरते तो या दुसऱ्यासाठी.

आपल्या शेतकरी बायांनी अशा नोंदींची लढाई पूर्वीही लढली आहे. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो घरांत जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करण्यात आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावण्याचा निर्णय राज्य शासनानं घेतला. सातबारावर, दाखल्यावर नाव येऊ शकतं, तर घरच्या भिंतीवर लेकीचा चेहरा का येऊ नये?

म्हणून माझी सूचना साधी आहे. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळांतून बालिका दिन साजरा होतो. त्या दिवशी प्रत्येक गटात बायांनी दोन फोटो घेऊन यावं, एक लेकीचा आणि एक स्वतःचा, शाळेतला. नसेल तर का नाही, हे सांगावं. मला वाटतं, बैठकीतला महत्त्वाचा भाग तोच ठरेल. मग घरी जाऊन जेवढे मुलाचे, तेवढे मुलीचे फोटो लावावेत.

जपणुकीचंही सांगते, कारण हे कामही बाईच्याच अंगावर पडतं. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नाव, इयत्ता, वर्ष लिहा. दोन फोटोंमध्ये कोरा कागद घाला. ओल येणाऱ्या भिंतीला फ्रेम लावू नका, आणि फोटो काचेला चिकटणार नाही एवढं अंतर ठेवा. मोबाइलमध्ये त्याची प्रत घ्या, पण मोबाइल बिघडतो हेही ध्यानात ठेवा. त्याच पिशवीत मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला ठेवा. लग्नाची घाई झाली तर वय सिद्ध करायला तेच कागद लागतात. गावातले ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो, त्यांच्यावर बालविवाह रोखण्याची जबाबदारी आहे, आणि १०९८ वर फोनही करता येतो.

त्या मावशींनी थोरलीचा पाचवीतला फोटो परवा फ्रेम करून मुलाच्या शेजारी लावला. धाकटीचा अर्धा फाटलेला फोटोही त्यांनी टाकला नाही. तीही लावा, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "लोक इचारतीन, असा काऊन फाटला?"

विचारू देत की.