गेमिंग संकेतस्थळे : ओसरलेला वाचक परतेल कसा?

एखादा नवा व्हिडिओ गेम विकत घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी जगभरातील खेळाडू एकेकाळी मोजक्या इंग्रजी संकेतस्थळांकडे वळत. ती सवय आता मोडली आहे. समीक्षा यूट्यूबवर पाहिली जाते, चर्चा डिस्कॉर्डवर रंगते आणि गूगलवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा तिथल्या तिथेच मिळते. वाचक घटले की जाहिराती घटतात, त्या घटल्या की कर्मचारीकपात होते आणि ओळखीची माणसे गेली की उरलासुरला वाचकही पाठ फिरवतो. या दुष्टचक्रातून एखाद्या संकेतस्थळाला बाहेर पडता येते काय? अमेरिकेतील ‘जायंट बॉम्ब’ची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’ने आपले ज्येष्ठ समीक्षक जेफ गेर्स्टमन यांना कामावरून काढले. त्याआधी त्यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. या दोन गोष्टींचा संबंध असल्याचा संशय वाचकांनी लगेच घेतला. २०१२ मध्ये गेर्स्टमन यांनी स्वतः त्यास दुजोरा दिला. मधल्या काळात, २००८ मध्ये, त्यांनी रायन डेव्हिस यांच्यासह ‘जायंट बॉम्ब’ उभे केले होते. समीक्षक गेम खेळत खेळत त्यावर मोकळेपणाने बोलत असल्याच्या लांबलचक चित्रफिती आणि दर आठवड्याचा पॉडकास्ट ही त्याची ओळख ठरली. २०१० मध्ये सशुल्क सदस्यत्व सुरू झाले. आवडत्या समीक्षकांसाठी वाचक खिशात हात घालतो, हे येथे फार लवकर सिद्ध झाले.

मालक बदलले, माणसे गेली

पुढे मात्र मालकी हातोहात फिरत राहिली. २०१२ मध्ये ‘सीबीएस इंटरॲक्टिव्ह’ या, म्हणजे गेमस्पॉटच्याच मालक कंपनीने ते विकत घेतले. २०२० मध्ये ते ‘रेड व्हेंचर्स’कडे आणि २०२२ मध्ये ‘फँडम’कडे गेले. दरम्यान २०१३ मध्ये डेव्हिस यांचे निधन झाले. २०२१ मध्ये तिघे ज्येष्ठ सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी श्रोत्यांच्या वर्गणीवर ‘नेक्स्टलँडर’ सुरू केले. २०२२ मध्ये खुद्द गेर्स्टमन यांनीही निरोप घेतला. मे २०२५ मध्ये मालकांच्या नव्या सूचनांची चर्चा करणारा पॉडकास्टचा भाग काढून टाकण्यात आला, तेव्हा सारे संपल्यासारखे वाटले. परंतु काही दिवसांतच जेफ बाकालार आणि जेफ ग्रब या तेथीलच दोघांनी संकेतस्थळ विकत घेतल्याचे जाहीर केले. ते आता सदस्यांच्या वर्गणीवर भिस्त ठेवून चालते.

याउलट ‘द एस्केपिस्ट’चे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुख्य संपादक निक कॅलँड्रा यांना काढताच चित्रफिती बनवणारा चमू राजीनामे देऊन बाहेर पडला आणि त्याने ‘सेकंड विंड’ सुरू केले. समीक्षक बेन क्रोशॉ यांच्या लोकप्रिय मालिकेचे नाव जुन्या मालकांकडे राहिले. त्यांनी दुसऱ्या नावाने तोच प्रकार पुढे चालवला आणि प्रेक्षक त्यांच्यामागे गेले.

परतीची वाट

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. गेमिंग संकेतस्थळाची खरी मालमत्ता म्हणजे तेथील माणसे आणि त्यांच्या मताविषयीचा विश्वास. म्हणून पहिला उपाय म्हणजे शोधयंत्रातून चुकून येणाऱ्या लाखो पाहुण्यांमागे धावणे थांबवून, दर महिन्याला वर्गणी देणाऱ्या काही हजार वाचकांचा हिशेब मांडणे. दुसरा, लेखकाचे नाव आणि आवाज पुढे आणणे. गेम कसा पार करावा याची माहिती यंत्रही देऊ शकेल. पण वीस वर्षे खेळत आलेल्या माणसाची आवडनिवड यंत्राला कोठून येणार?

तिसरा उपाय जुन्या संग्रहाच्या जतनाचा. १९९१ पासूनचे ‘गेम इन्फॉर्मर’ मालक ‘गेमस्टॉप’ने २ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले, तेव्हा संकेतस्थळाच्या जागी केवळ निरोपाचा संदेश उरला. मार्च २०२५ मध्ये ‘गनझिला गेम्स’ने ते जुन्या चमूसह पुन्हा सुरू केले आणि संग्रहही परत आला, ही समाधानाची बाब. तथापि, गनझिला स्वतः गेम बनवणारी कंपनी आहे. संपादकीय स्वातंत्र्याची ग्वाही दिली गेली असली, तरी समीक्षेचा मालक आणि समीक्षेचा विषय एकाच घरात नांदणे कितपत हितावह, हा प्रश्न राहतोच.

वर्गणीचा मार्गही निर्धोक नाही. वाचकाचा खिसा मर्यादित असतो. तो दोन-तीन ठिकाणी पैसे देईल, दहा ठिकाणी देणार नाही. त्यामुळे दहा-पंधरा माणसांचा चमू जगेल, शंभरांचे कार्यालय कदाचित जगणार नाही. ज्यांनी कधी निष्ठावंत वाचक जोडलाच नाही, त्यांना परत बोलावण्यासाठीही कोणी नाही. शिवाय मोठे कार्यालय गेले, की कंपन्यांतील गैरव्यवहार खणून काढणारी, वेळखाऊ आणि खर्चिक पत्रकारिता कोण करणार, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. वाचक परत आणता येतो, हे जायंट बॉम्बने दाखवले. त्यासाठी पसारा आवरण्याची आणि जाहिरातदाराऐवजी वाचकाला उत्तर देण्याची तयारी मालकांना ठेवावी लागेल.