कवायत, कळफलक आणि कथा

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात चाकरी करणाऱ्या माणसाला लग्नकार्यात किंवा सोसायटीच्या गच्चीवर तीन प्रश्न हमखास विचारले जातात. मुलाच्या हातात मोबाईल कितव्या वर्षी द्यावा? संगणक कितव्या इयत्तेपासून शिकवावा? आणि मुलगा मोबाईलमध्ये फारच गुंतला, तर त्याला सैनिकी शाळेत घालावे काय? प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांमागची समजूत एकच आहे. यंत्राने मुलगा बिघडवला आणि आता बराकीने तो दुरुस्त करावा, अशी ती समजूत. रोग बाहेरून आला, औषधही बाहेरून येणार. मधल्या पाच-सहा तासांत शाळेच्या वर्गात काय चालते, याची चौकशी कोणी करत नाही. आमचे म्हणणे नेमके त्या वर्गाविषयी आहे. ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे मांडावेसे वाटते, कारण त्या वर्गाची किल्ली त्यांच्यापाशी आहे.

जून २०२५ मध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केले की, पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी प्रशिक्षण देण्यात येईल. देशप्रेम, नियमित व्यायाम आणि शिस्त हे त्यामागचे हेतू. क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काऊट-गाईड यांच्या जोडीने अडीच लाख माजी सैनिकांचे साहाय्य घेण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. त्याच महिन्यात पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावरून महाराष्ट्रात रण माजले होते आणि २९ जूनला शासनाला आपले दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. एकाच महिन्यात सहा वर्षांच्या मुलाने कोणती भाषा शिकावी आणि पावले कशी टाकावीत, या दोहोंवर एवढी चर्चा झाली. जी भाषा तो मूल म्हणून आधीच बोलतो, ती त्याला वाचता आणि लिहिता येते काय, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा बाजूला राहिला.

मुलांनी सकाळी धावावे, घाम गाळावा, वेळ पाळावी याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांनी व्यायामाविरुद्ध बोलणे शोभतही नाही. आमची शंका वेगळी आहे. सैन्याकडून काही घ्यायचेच असेल, तर सैन्य स्वतः कशाला महत्त्व देते, हे आधी पाहायला नको काय?

ते पाहण्यासाठी या शहराबाहेर जावे लागत नाही. साताऱ्याला १९६१ मध्ये देशातले पहिले सैनिक स्कूल निघाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, १९७७ मध्ये राज्य शासनाने सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट स्थापन केली, हे बाहेरच्यांना तितकेसे माहीत नसते. गावात तिला सगळे 'एसपीआय' म्हणतात. सैन्यदलांत महाराष्ट्रातून अधिकारी कमी जातात, ती संख्या वाढावी, म्हणून दहावीनंतरच्या मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षे तेथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले तेच मुळी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर, आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली.

या प्रबोधिनीच्या निवडीचे स्वरूप साहित्याच्या माणसांनी एकदा मुद्दाम पाहावे. लेखी परीक्षा नऊशे गुणांची: तीनशे गणिताचे, सहाशे सामान्य क्षमता चाचणीचे, आणि त्या सहाशेतले दोनशे एकट्या इंग्रजीचे. त्यापुढे पुन्हा नऊशे गुण निवड मंडळाच्या मुलाखतीला. ही मुलाखत पाच दिवस चालते. तीत उमेदवाराला पडद्यावर एक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. अशी अकरा चित्रे होतात. बाराव्या वेळी पडदा कोराच असतो. चित्रही उमेदवाराने मनात योजायचे आणि गोष्टही त्यानेच रचायची. पुढे साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, प्रत्येकावर एक वाक्य. मग साठ प्रसंग: अमुक झाले तर तुम्ही काय कराल? मग आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याविषयी काय म्हणतात आणि आपण स्वतःला कसे पाहतो, त्याचे टिपण. मैदानावरच्या कसोट्या आणि गटचर्चा आहेतच. पण देशाच्या सैन्याने अधिकारी पारखण्यासाठी कथालेखनाला एवढे महत्त्व द्यावे, ही गोष्ट आमच्या शिक्षणव्यवस्थेच्या कानावर अजून गेलेली दिसत नाही. शाळांनी सैन्याकडून घेतली ती फक्त कवायत. कोरा पडदा सैन्यापाशीच राहिला.

हे झाले अधिकाऱ्यांचे. त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने मराठवाड्यातली मुले जवान होण्यासाठी धडपडतात. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यांच्या कडेने धावणारे त्यांचे घोळके येथल्या कोणालाही परिचित आहेत. तालुक्यातालुक्यांत भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्या निघाल्या आहेत आणि कोरडवाहू शेतीतून त्यांची फी भरली जाते. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. सेवा चार वर्षांची, आणि नंतर कायम होणार ते जास्तीत जास्त चारांतला एक. २०२३ पासून आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा आमच्या मते पुरेशी झाली नाही. पूर्वी मैदानावरची धाव आधी असे आणि लेखी परीक्षा मागाहून. आता संगणकावरची परीक्षा आधी असते. तीत निवडला गेलेला मुलगाच पुढे मैदानावर धावतो. म्हणजे दोन-तीन वर्षे पहाटे चारला उठलेला मुलगा पहिल्यांदा उभा राहतो तो पडद्यासमोर. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. तेव्हा इंग्रजीची सबबही उरली नाही. ठरलेल्या वेळात मराठीतला प्रश्न वाचून त्याचा नेमका अर्थ लावणे, एवढेच त्याला करायचे असते.

आणि तेथेच घोडे पेंड खाते. 'असर'च्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या चौदा ते अठरा वयोगटातल्या सुमारे पंचवीस टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही. त्याच संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे संगणक कितव्या इयत्तेपासून, या प्रश्नाचे उत्तर निराळे द्यावे लागेल असे दिसते. यंत्र वापरणे मुले कोणी न शिकवता शिकली. वाचणे शिकवावे लागते, आणि ते शिकवायचे राहून गेले.

आमच्या धंद्याविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्याविषयी शाळांत बरेच गैरसमज आहेत. राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले. लाखो लोकांची संगणकाची भीती त्यांनी घालवली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र त्यामुळे संगणक येणे म्हणजे कोणते बटण कोठे आहे ते माहीत असणे, अशी एक व्याख्याही रूढ झाली. प्रत्यक्षात आम्ही दिवसभर करतो काय? दुसऱ्याने लिहिलेले वाचतो. ग्राहकाने लिहिलेली मागणी वाचतो, तीत काय म्हटले आहे आणि काय म्हणायचे राहिले आहे ते ओळखतो. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कोणा सहकाऱ्याची आज्ञावली वाचतो आणि त्याच्या मनात काय असेल याचा अदमास घेतो. प्रणालीतला दोष शोधणे हे तुमच्याकडे ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतात, त्याच्या फार जवळचे काम आहे. नवी भरती झालेली हुशार मुले अडतात ती गणितात नव्हे. दोषाची नोंद करताना अडतात. 'चालत नाही' एवढेच लिहून पाठवतात. आपण काय केले, काय घडणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या तीन गोष्टी क्रमाने सांगणे त्यांना जमत नाही. हे निवेदनकौशल्य आहे, आणि ते कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही. ते पाचवी-सहावीच्या भाषेच्या तासाला यायला हवे होते.

तंत्रज्ञान म्हणजे पडदा, हा आणखी एक समज. या शहरात येणाऱ्या प्रत्येक शालेय सहलीला पाणचक्की दाखवतात. मलिक अंबराने सतराव्या शतकात येथे नहरींची पद्धत घातली. तिच्याच वळणाने पुढे पाणचक्कीसाठी काही किलोमीटरांवरच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणले गेले, आणि त्या पाण्याच्या नुसत्या पडण्यावर जाते फिरत असे. मलिक अंबर हा तर गनिमी काव्यात मुरलेला सेनानी. सैनिकी शिक्षण आणि तंत्रज्ञान या दोहोंची सांगड कशी असते, त्याचा याहून जवळचा पाठ कोठला? पण मुले तेथे छायाचित्रे काढतात आणि बसमध्ये बसतात. खालून आलेले पाणी भिंतीवरून पडते कसे, हे विचारून त्याचे उत्तर आपल्या शब्दांत लिहायला लावणारा शिक्षक क्वचितच भेटतो.

शिक्षकाला तरी उसंत कोठे आहे? यंत्र शाळेत आले ते बहुतांशी मुलांसाठी आलेच नाही. ते माहिती वर पाठवण्यासाठी आले. २०१६ च्या अखेरीस तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर चढवावी, असा आदेश निघाला होता आणि ओरड झाल्यावर तो स्थगित करावा लागला. सेल्फी गेली, रकाने राहिले. माहिती भरणारा शिक्षक हा आमच्याच धंद्याच्या कृपेने निर्माण झालेला प्राणी आहे.

सक्तीच्या सैनिकी शिक्षणाचा प्रयोगही देशाला नवा नाही. एनसीसी १९४८ मध्ये स्थापन झाली. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन मुलांना सक्तीची करण्यात आली, आणि पाच वर्षांतच, १९६८ मध्ये, पुन्हा ऐच्छिक झाली. १९६९ मध्ये तिच्या शेजारी राष्ट्रीय सेवा योजना आली. एनसीसीत आजही आवडीने जाणारी मुले तीतून पुष्कळ काही घेऊन येतात. सक्ती मात्र युद्धाच्या आठवणी ताज्या असतानाही टिकली नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता वाचकांना कदाचित न रुचणारी गोष्ट. भाषेचा तास हा कवायतीवरचा उतारा आहे, असे म्हणावे, तर त्या तासाची स्थिती काय आहे? 'सैनिकाचे मनोगत' आणि 'मोबाईल : शाप की वरदान' हे दोन्ही निबंध आमच्या शाळांत वर्षानुवर्षे लिहिले जातात. म्हणजे या लेखाचे दोन्ही विषय मुलांच्या वहीत केव्हाचेच आहेत. ते कसे लिहिले जातात? गाईडातून पाठ करून. प्रत्येक सैनिक त्याच सीमेवर, त्याच थंडीत, त्याच अलंकारांत बोलतो. प्रत्येक मोबाईल शेवटच्या परिच्छेदात 'वापरणाऱ्यावर अवलंबून' असतो. वर्गातला एकही मुलगा शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त हवालदाराला जाऊन काही विचारत नाही. शब्दांनी एका रांगेत उभे राहावे, डावीकडे पाहू नये, उजवीकडे पाहू नये, आणि आज्ञा होताच उत्तरपत्रिकेत चालू लागावे, ही कवायत नाही तर काय? भाषेच्या वर्गात ती मंत्र्यांच्या घोषणेच्या फार आधीपासून चालू आहे. या वर्गातून गेलेला मुलगा बाराव्या कोऱ्या पडद्यासमोर थिजला, तर दोष त्याचा नाही. आता तर क्लासवाल्यांनी त्या कोऱ्या पडद्यासाठीही तयार गोष्टी पुरवायला सुरुवात केली आहे.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. माजी सैनिक शाळेत येणार असतील तर जरूर यावेत. पण त्यांनी पहिल्या दिवशी शिट्टी वाजवू नये. खुर्चीवर बसून सांगावे. नकाशा कसा वाचतात, घरचे पत्र किती दिवसांनी येई, भीती वाटली तेव्हा काय केले. मुलांनी प्रश्न विचारावेत, ऐकलेले लिहून काढावे आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवावे. चुकले असेल तर सैनिकानेच सांगावे. संगणकाच्या तासाला मुलाने एखादी कृती अशी लिहावी की शेजारच्याने ती वाचून, काही न विचारता, बिनचूक करून दाखवावी. फसली तर वाक्य दुरुस्त करावे. त्याला खडू आणि फळा पुरतो. आणि दहावीच्या परीक्षकाने पाठ केलेल्या निबंधापेक्षा मोडक्या वाक्यांतल्या खऱ्या निबंधाला एक तरी गुण जास्त द्यावा. या शेवटच्या गोष्टीसाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. उत्तरपत्रिका ज्यांच्याकडे जातात, त्यांतले पुष्कळजण हे वाचत असतील.

चार वर्षांनी जे अग्निवीर गावी परततील, त्यांच्यातल्या बहुतेकांपुढे तिशीही न गाठलेले आयुष्य असेल. तेव्हा अर्ज, करार, मुलाखत आणि नवी विद्या, या सगळ्यांना त्यांना शब्दांनीच भिडावे लागेल. धावायला ती मुले आपण होऊन शिकली. यंत्रही त्यांनी स्वतःच आत्मसात केले. तिसरी गोष्ट त्यांना कोणीतरी शिकवायला हवी, आणि तो तास मराठीच्या शिक्षकाचा आहे.