खूण फाटली तरी चालेल, पान फाटता कामा नये



यंदा वर्गाची पुस्तकपेटी माझ्याकडे आहे. दर शनिवारी पुस्तके द्यायची, परत आलेली वहीत नोंदायची. परत आलेले पुस्तक मी उघडून बघतो. वाचणाऱ्याने कुठपर्यंत वाचले आणि तिथे खूण कशाची ठेवली, हे पुस्तकच सांगते. म्हणून या विषयावर माझे मत मांडतो.

सगळ्यांची आवडती खूण म्हणजे पानाचा कोपरा दुमडणे. फुकटात होते आणि हरवत नाही. पण कागद बारीक तंतूंचा असतो. घडी घातली की त्या जागचे तंतू मोडतात. घडी उलगडता येते, मोडलेले तंतू जोडता येत नाहीत. नव्या पुस्तकात हे दिसत नाही, पिवळ्या पडलेल्या पुस्तकात कोपराच हातात येतो. माझी आजी अहिराणीत विचारते, “कसाले मोडस रे पोऱ्या पुस्तकना कान?” मला तिचेच म्हणणे पटते.

दुसरी खूण जाड वस्तूची. पेन्सिल, पट्टी, खराट्याची काडी, जे हाताशी सापडेल ते. पुस्तक मिटले की ती वस्तू शिवणीवर ताण देते, मग पाने सुटी होतात. पुस्तक पालथे ठेवले तरी हेच होते. टाचणी आणि लोखंडी क्लिप तर पावसाळ्यात गंजतात. गंजाचा तांबडा डाग शेजारच्या पानावरही उमटतो आणि कशानेच जात नाही.

तिसरी खूण झाडाच्या पानाची. विद्येचे पान, पिंपळपान, लिंबाचा पाला. हौस चांगली आहे, पण पान हिरवे नको. केळीचा चीक सदऱ्याला लागला तर काय होते, ते रावेर-यावलकडच्या मुलांना सांगायला नको! ओल्या पानातले पाणी कागदात उतरते, डाग पडतो, बुरशी येते. पान ठेवायचेच असेल तर आधी रद्दी पेपरात दाबून खडखडीत वाळवा. मोरपीस ठेवणाऱ्यांना एक विनंती. त्याला पिल्लू होईल म्हणून पेन्सिलीचा भुसा खाऊ घालू नका. पिल्लू होत नाही, पुस्तक तेवढे काळे होते.

मग जुने लोक काय करीत? धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखित पोथ्या जपलेल्या आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाने १९२७ साली तिथे संशोधन मंडळ निघाले. त्यांनी गावोगाव फिरून जुनी कागदपत्रे गोळा केली होती. असे जुने कागद सुती रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती. पोथीची पाने सुटी असतात. वाचून झालेले पान उलटून बाजूला ठेवतात, म्हणून वेगळी खूण लागत नाही. शिवाय अध्याय पुरा केल्याशिवाय पोथी सहसा बांधत नाहीत. कागदाजवळ ठेवायचे ते मऊ आणि सुती, ही त्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटते.

यावरून माझे मत असे झाले आहे. खूण टिकाऊ पाहिजे असे सगळे म्हणतात, पण आधी टिकायचे आहे ते पुस्तक. खूण पुस्तकापेक्षा नेहमी कमजोर पाहिजे. दोघांपैकी एक खराब होणारच असेल तर ती खूण असावी. दुकानात लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या खुणा मिळतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण जाड असतील तर पुस्तक टिकत नाही. आपल्याला त्या विकत घ्यायची गरज नाही.

आपला खानदेश कापसाचा. जुन्या धुतलेल्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी घ्या. ती पुस्तकापेक्षा दोन बोटे लांब ठेवा. रंग जाणारे नवे कापड नको, ओल लागली की तो रंग कागदावर उतरतो. कापड नसेल तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पातळ पट्टी कापा. लग्नपत्रिकेचीही चालते, फक्त हळदकुंकू लागलेला भाग टाकून द्या. आणि काहीच नसेल तर धडा पुरा करून थांबा व पानाचा नंबर लक्षात ठेवा. ही खूण कुणी चोरत नाही!

कुणी म्हणेल, बालभारतीची पुस्तके तर फुकट मिळतात, एवढी काळजी कशाला? पण पेटीतले गोष्टीचे पुस्तक एकच असते. यंदा सातवीत फाटले तर पुढच्या वर्षी सहावीची मुले कोणते वाचतील? गोष्टीचे शेवटचे पानच गळाले तर राजपुत्र घरी आला की नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पेटीशेजारी खिळ्याला मी चाळीस पट्ट्या अडकवल्या आहेत. पुस्तक नेताना एक घेऊन जा. परत आणताना पट्टी फाटली असेल तर मी काही बोलणार नाही. पानाचा कान मोडला असेल तर मात्र बोलेन.

— पुस्तकपेटी सांभाळणारा, इयत्ता सातवी