बिल्ड कोणी ब्रेक केला?

"आमच्याकडे सीआय आहे." इंटरव्ह्यू घेताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न तोंडात तयारच असतो. तुमची ब्रँच मेनमध्ये मर्ज व्हायच्या आधी किती दिवस जगते? उत्तर येतं, "स्प्रिंटभर... म्हणजे दोन आठवडे. कधीकधी तीन."

मग मंडळी, तुमच्याकडे सीआय नाही. सीआयचा सर्व्हर आहे. घरात ट्रेडमिल असणं आणि रोज पळणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे. बहुतेक ट्रेडमिलवर कपडे वाळत असतात हे आपण सगळे जाणतोच!

कंटिन्युअस इंटिग्रेशनची सवय लावली ती १९९० च्या दशकात केंट बेक आणि त्याच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्या मंडळींनी. क्रूझकंट्रोल आलं २००१ मध्ये. हडसन २००५ मध्ये, ज्याचं २०११ मध्ये जेन्किन्स झालं. म्हणजे सवय आधी, सर्व्हर नंतर. २००६ मध्ये जेम्स शोअरने तर सर्व्हरशिवाय सीआय करायची कृतीच लिहिली होती. साहित्य: एक जुना कॉम्प्युटर, एक रबरी कोंबडी, एक घंटी. कोंबडी ज्याच्या हातात त्यानेच कोड चेक-इन करायचा. मग जुन्या कॉम्प्युटरवर बिल्ड चालवायचा. पास झाला तर घंटी वाजवायची, नाही तर आपला बदल मागे घ्यायचा. बस्स. वाचून हसू येतं, पण सगळं सार त्यात आहे.

"पण माझी ब्रँच तर हिरवी आहे!" असेल की. समजा तुम्ही एका फंक्शनचं नाव बदललंत आणि ते जिथे जिथे वापरलंय तिथेही बदललंत. त्याच आठवड्यात शेजारच्याने जुन्या नावाने तेच फंक्शन एका नव्या फाइलमध्ये वापरलं. दोन्ही ब्रँच हिरव्या. गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, कारण दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला नाही. मर्ज केलं की मेन लाल! यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. दोघं एकमेकांना फार उशिरा भेटले, एवढंच. रोज भेटले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

आता माझा खरा मुद्दा. रोज मर्ज न होण्याचं कारण टूल नसतं, भीती असते. मी एका टीममध्ये होतो, तिथे भिंतीवर मोठा टीव्ही. बिल्ड लाल झाला की ज्याचा कमिट त्याचं नाव झळकायचं. मॅनेजर लांबूनच विचारायचा, "कोणी ब्रेक केला?" हेतू चांगला असेलही. परिणाम काय? नवीन मुलं पुश करायलाच घाबरायला लागली. सगळं अगदी पक्कं होईपर्यंत कोड स्वतःपाशीच ठेवायचा. मग रिलीजच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं दोन-दोन आठवड्यांचं काम एकदम येऊन आदळायचं, बिल्ड आणखी वाईट मोडायचा आणि रात्री जागायला पुन्हा तीच मुलं. ज्यांच्या लेकरांचं पाळणाघर सात वाजता बंद होतं, त्यांनी काय करायचं?

म्हणून शेअर्ड रिपॉझिटरीवर सीआय बसवताना यॅमल फाइल लिहिण्याआधी टीमने बसून चार गोष्टी ठरवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

१. प्रत्येकाने रोज किमान एकदा मेनमध्ये मर्ज करायचं. फीचर अर्धवट असेल तर फ्लॅगमागे झाकून ठेवा, पण कोड येऊ द्या.

२. बिल्ड दहा मिनिटांच्या आत. अर्धा तास लागला तर लोक वाट बघत नाहीत, चहाला जातात आणि तिकडेच विसरतात. हळू टेस्ट वेगळ्या काढून नंतर चालवा.

३. मेन लाल झाला की आधी रिव्हर्ट, मग चर्चा. आणि रिव्हर्ट म्हणजे अपमान नव्हे. कोणीही कोणाचाही कमिट रिव्हर्ट करू शकतो, अगदी आर्किटेक्टसाहेबांचासुद्धा.

४. कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट त्याच दिवशी दुरुस्त करा किंवा काढून टाका. "परत रन कर, होईल पास" हे एकदा सुरू झालं की लाल रंगाचा अर्थच संपतो.

गिटहब अॅक्शन्स असो, गिटलॅब असो की जेन्किन्स, कॉन्फिगरेशन एका दुपारचं काम आहे. हा करार मात्र रोज पाळावा लागतो आणि तो पाळला जातो की नाही हे सीनियर लोकांच्या वागण्यावरच ठरतं.

तेव्हा भिंतीवर टीव्ही असेल तर खुशाल ठेवा, फक्त त्यावरची नावं काढून टाका. बिल्ड लाल होणं म्हणजे चूक वेळेत सापडली. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला ना?