जिलेबीवर गदारोळ, बिस्किटाला सवलत: साखरेचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

जुलै २०२५ मध्ये दोन-तीन दिवस देशभर जिलेबी आणि समोसा गाजले. सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा आता जिलेबीवरही लागणार, अशा बातम्या फिरल्या आणि इंदूरच्या पोहे-जिलेबीपासून बेळगावच्या कुंद्यापर्यंत सगळ्यांचा विषय निघाला. शेवटी केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही; कामाच्या ठिकाणी तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावा, एवढीच ती सूचना होती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साखर घातलेली थंड पेये ४० टक्क्यांच्या गटात गेली. बातमी मोठी झाली, पण कोलासारख्या पेयांवर आधीही २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ४० टक्केच होते. खरा बदल दुसरीकडे झाला. बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरचा कर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. म्हणजे एका हाताने साखर कमी खा असा फलक लावायचा आणि दुसऱ्या हाताने साखरेचा पुडा स्वस्त करायचा, असा हा प्रकार.

सणावाराला पानात पडणारे गोड सगळ्यांना दिसते, म्हणून त्यावर चर्चाही होते. पण वजन आणि तब्येत बिघडवणारी साखर बहुतेक घरांत रोजच्या चहातून, बिस्किटातून आणि बाटलीतून येते, आणि तिच्याकडे ना घराचे लक्ष असते ना धोरणाचे.

चहाचा कप आणि वजनाचा काटा

हैदराबादमधील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, अशी दिली आहे. २,००० कॅलरी आहाराच्या हिशेबाने हे प्रमाण ५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये कमाल मर्यादा १० टक्के सांगितली होती आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या खाली राहावे, असे सुचवले होते.

आता नेहमीच्या घराचा हिशेब मांडू. दिवसात चार कप चहा आणि दर कपाला दोन चमचे साखर धरली, तर ४० ग्रॅम साखर तिथेच झाली. सोबत आठ-दहा साधी ग्लुकोज बिस्किटे खाल्ली तर आणखी दहा ग्रॅम. एकही मिठाई न खाता ५० ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. त्यात कोलासारख्या पेयाची पाव लिटरची एक बाटली आली की २५ ग्रॅमच्या आसपास आणखी भर.

फक्त चहातल्या ४० ग्रॅम साखरेतून १६० कॅलरी मिळतात. त्या खर्च करायला साधारण वजनाच्या माणसाला पाऊण तास झपझप चालावे लागते. सकाळी फिरून आल्यावर दोन गोड चहा आणि बिस्किटे झाली, तर चालण्याने कमावलेले बरेचसे तिथेच जाते. रोज चालूनही काटा हलत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी कप बघावा.

पण साखरेला राक्षस ठरवण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेला आणि जानेवारी २०१३ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आलेला अभ्यासांचा आढावा इथे उपयोगी पडतो. साखर कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी ०.८ किलोने उतरले आणि वाढवणाऱ्यांचे ०.७५ किलोने वाढले. मात्र साखर काढून तेवढ्याच कॅलरीचे दुसरे काही खाल्ले, तेव्हा वजनात फरक पडला नाही. म्हणजे साखर जादूने चरबी वाढवत नाही. ती पोट न भरता कॅलरी देते, हे तिचे दुखणे. पेयातली साखर तर आणखी फसवी, कारण गोड सरबत प्यायले म्हणून कुणी पुढच्या जेवणात एक भाकरी कमी खात नाही. उलट, चहा बिनसाखरेचा केला आणि त्याच्यासोबत फरसाण वाढवले, तर वजन कमी होईल ही आशाही सोडावी.

बारीक अंग, पोटात चरबी

'आमचं काय वजन नाही, आम्हाला गोड चालतं,' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. याला उत्तर पुण्यातूनच आले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आत चरबी बाळगून असू शकतो, हे यातून जगाला समजले. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात.

जास्तीच्या साखरेतला फ्रुक्टोज हा भाग मुख्यतः यकृतात जातो. तिथे गरजेपेक्षा जास्त झाला की त्याची चरबी होते आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढते. वजनाच्या काट्यावर यातले काहीच दिसत नाही. दात किडणे तर सगळ्यांत आधी सुरू होते.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर चरबी आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहाला एकटी साखर जबाबदार नाही. वय, आनुवंशिकता, बैठे काम, भात-मैद्याचा मोठा वाटा, सगळेच त्यात येते. पण यातली हातात असलेली आणि सगळ्यांत सोपी गोष्ट साखर हीच आहे.

गूळ, मध आणि 'शुगर-फ्री'

साखर सोडली आणि गुळाचा चहा सुरू केला, असे सांगणारे कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात जागोजागी भेटतात. गुळाला चव आहे, थोडीफार खनिजेही आहेत. पण शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी असतील तर तेवढ्याच गुळात त्याहून किंचितच कमी. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर सख्खी भावंडे. मधाचेही तेच. शुगर-फ्री गोळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, वजन कमी करण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, कारण लांब पल्ल्यात फायदा दिसलेला नाही. ही सूचना मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाकिटावर ५०, पुस्तकात २५

घोळाचे खरे मूळ पाकिटावर आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर वरून घातलेली साखर छापावी लागते आणि ती दिवसाच्या गरजेच्या किती टक्के हेही द्यावे लागते. पण ही टक्केवारी काढताना दिवसाचे प्रमाण ५० ग्रॅम धरले जाते. पोषण संस्था म्हणते २५ ग्रॅम. म्हणजे २५ ग्रॅम साखर पोटात घालणारे पेय पाकिटावर '५० टक्के' असे सभ्य दिसते, आणि पोषण संस्थेच्या हिशेबाने मात्र दिवसाचा कोटा तिथेच संपलेला असतो. दोन्ही सरकारीच संस्था.

शिवाय ही माहिती मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत. निपाणीची आजी किंवा खानापूरचा शेतकरी ते वाचणार कसे? साखरेची टोपणनावे वेगळीच: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्सट्रोज. पाकिटाच्या पुढच्या बाजूला स्पष्ट इशारा असावा की नुसते तारांकन, हा वाद २०२२ पासून चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले होते, पुढे मुदत वाढली.

मुलांचे प्रमाण अधिक काळजीचे आहे. सीबीएसईने मे २०२५ च्या परिपत्रकात म्हटले की, ४ ते १० वयाच्या मुलांच्या कॅलरीत साखरेचा वाटा १३ टक्के आणि ११ ते १८ वयात १५ टक्के आहे. म्हणून शाळांत 'शुगर बोर्ड' लावण्याचा आदेश निघाला. पण ते परिपत्रक सीबीएसईच्या शाळांपुरते. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी शाळा कर्नाटक राज्य मंडळाच्या, त्यांना ते लागू नाही. फाटकाबाहेरच्या टपरीवरचे पाच-दहा रुपयांचे पुडे मात्र दोन्हीकडे सारखेच.

मग उसाचं काय?

सीमाभागात साखर कमी खा म्हणणे सोपे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले होते आणि ३,३०० वर तोडगा निघाला. अशा घरात साखर विष म्हणून सांगितली तर माणूस चिडणारच.

तर हिशेबच करू. चार माणसांच्या घराने माणशी रोज २० ग्रॅम साखर कमी केली तर वर्षाला सुमारे २९ किलो वाचते. तेवढ्या साखरेला लागणारा ऊस पाव टनाहून थोडा जास्त. इकडे मागितलेला आणि मिळालेला दर यातला फरक टनाला २०० रुपये. एकरी ४० टन धरले तर एकरामागे ८,००० रुपये. शेतकऱ्याचे नुकसान कुठे होते, हे यावरून समजते.

अर्थात सगळ्या देशाने एवढी कपात केली, तर वर्षाची मागणी शंभर लाख टनांनी घटेल, आणि तो धक्का कारखान्यांना बसेल हेही खरे. पण सवयी एका वर्षात बदलत नाहीत, आणि उसाला इथेनॉलची वाट आहे. अडचण अशी की, ती वाटही भरवशाची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ऊस उत्पादकाला घाबरायचे असेल तर ते अशा धरसोडीला. मुलांच्या दुधातली दोन चमचे पावडर कमी झाली म्हणून कुणाचा गळीत हंगाम बुडत नाही.

घरात आणि गावात काय शक्य आहे

घरात पहिला बदल चहाचा. दोन चमच्यांचा दीड, मग एक, असे दर पंधरवड्याला कमी केले तर जिभेला फारसे जाणवत नाही. चहासोबत बिस्किटाऐवजी शेंगदाणे किंवा फुटाणे, तेही मूठभरच. बाटलीबंद पेयाऐवजी ताक. पुरणपोळी, श्रीखंड, दोदोल, करदंट सणाला खुशाल खावे, रोजच्या साखरेतून जागा केली असेल तर त्याचे ओझे होत नाही. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी मात्र आहारात मोठा बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा.

गावपातळीवर शाळा सुधारणा समितीने ठरवले, तर शुगर बोर्डाला सीबीएसईच्या आदेशाची वाट पाहायला नको. एका पुठ्ठ्यावर मराठी आणि कन्नडमध्ये कोणत्या पुड्यात किती चमचे साखर आहे, एवढे लिहिले तरी पुरे. खासदार-आमदारांकडे मागायचे ते दोन गोष्टी: पाकिटावर २५ ग्रॅमचाच हिशेब आणि पुढच्या बाजूला स्थानिक भाषेत मोठ्या अक्षरांत इशारा. उसाच्या दरासाठी एकत्र येणाऱ्या पट्ट्याला ही मागणी जड जाऊ नये.