गंमत केली, एवढेच!

कुणाच्या जिव्हारी लागेल असे बोलावे आणि तो दुखावला की, 'गंमत केली, तुम्हांला विनोदच कळत नाही,' म्हणून हात झटकावेत, ही रीत आता रूढ झाली आहे. शालजोडीतले देणारा निर्दोष आणि ज्याला बसले तोच मंदबुद्धी! दुसरीकडे, बोलण्यातला भाव बाजूस सारून शब्दांचा कीस काढणारेही कमी नाहीत. मोबाइलवरील संदेशांमुळे दोघांचेही फावले आहे. तेथे अक्षरे पोहोचतात, आवाजातला चढउतार मागेच राहतो. मग एका ओळीवरून भावाभावांत अबोला धरला जातो आणि रविवारी दोघेही एकाच वेदीसमोर उभे राहतात.

आम्हांला हे दोन्ही दोष सारखेच घातक वाटतात, कारण प्रभू येशूच्या दुःखसहनात दोन्ही हजर आहेत. मंदिर पाडले तर तीन दिवसांत उभारण्याची गोष्ट प्रभूने केली, ती आपल्या देहाविषयी, असे संत योहान सांगतो. ऐकणाऱ्यांनी मात्र बांधकामाची ४६ वर्षे मोजली. पुढे महायाजकासमोर तेच बोलणे मोडूनतोडून साक्षीत आले. मग सैनिकांची पाळी. झगा, काट्यांचा मुगुट, हाती वेत आणि गुडघे टेकून राजाला मुजरा! त्याचे म्हणणे समजून घ्यावे, असे ना त्या साक्षीदारांना वाटले, ना या सैनिकांना.

कुणी म्हणेल, कर्मेल पर्वतावर एलियानेही बआलच्या संदेष्ट्यांची टर उडवलीच ना? तुमचा देव झोपला असेल, मोठ्याने हाका मारा, असे त्याने सुनावले होते. खरे आहे. पण तेथे एलिया एकटा होता. समोर ४५० जण होते आणि त्यांना राणीचा आश्रय होता. येशूची थट्टा करताना मात्र अख्खी पलटण एका बंदिवानाभोवती जमली होती. सुनेला, नोकराला, अडखळत बोलणाऱ्या मुलाला टोमणे मारणाऱ्याने स्वतःस एलिया समजू नये. जेथे कुणाला उलट उत्तर देता येत नाही, त्या प्रवचनपीठावरून टोमणे मारणारे आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही.

वाचकहो, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आहे. त्याच्या दारी गेल्यावर 'गंमत केली' हे उत्तर चालणार नाही. 'चुकलो' असेच म्हणावे लागेल. आणि दुखावलेल्यानेही शब्द मोजत बसण्यापूर्वी, 'तुला काय म्हणायचे होते?' एवढे तरी विचारावे.